जेड्स-जीएस-झेड१४-०: शेजारणीला चिकटलेल्या एका ठिपक्याची चौकशी

जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या छायाचित्रात हा ठिपका आला तेव्हा त्याच्यावर फारसा कोणाचा विश्वास बसला नव्हता. एक तर इतक्या दूरच्या वस्तूला न शोभेल इतका तो तेजस्वी होता. त्यातून दुसऱ्या एका दीर्घिकेला असा चिकटून होता की दोन्ही मिळून एकच वस्तू असावी असं वाटे. दोघींमधलं अंतर ०.४ विकला. पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीत असे साडेचार हजार तुकडे ओळीने बसतील. ही शेजारीण तशी ओळखीच्या काळातली, तिचा प्रकाश सुमारे १२ अब्ज वर्षांपूर्वी निघालेला. ठिपका तिचाच एखादा तुकडा असेल तर विषय तिथेच संपत होता. नसेल, तर तोवर माणसाने पाहिलेल्या सगळ्या दीर्घिकांच्या पलीकडे, महास्फोटानंतर जेमतेम ३० कोटी वर्षांच्या काळात त्याची जागा लागत होती.

एवढ्या मोठ्या दाव्यावर शंका घेणं हेच शहाणपणाचं होतं. या प्रकरणातला मला सर्वांत रंजक वाटणारा भाग तोच आहे. सर्वांत दूरची दीर्घिका हा मान या ठिपक्याकडे वर्षभरच टिकला. पण शंका एकेक करून कशा फिटल्या आणि त्या फिटताना कोणते नवे प्रश्न उभे राहिले, ते सविस्तर पाहण्यासारखं आहे.

जागा

फॉर्नॅक्स हा दक्षिणेचा तारकासमूह महाराष्ट्रातूनही दिसतो. डिसेंबरच्या अखेरीस रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेला तोंड करून उभं राहिलं की क्षितिज आणि माथा यांच्या साधारण मध्यावर तो असतो. ‘दिसतो’ म्हणायचं इतकंच, कारण त्यात नजर ठरेल असा एकही ठळक तारा नाही. खगोलशास्त्रज्ञांना हा रिकामेपणाच हवा असतो. आपल्या आकाशगंगेतले तारे आणि धूळ इथे कमी आड येतात, त्यामुळे खूप खोलवर पाहता येतं. हबल दुर्बिणीने २००४ साली जाहीर केलेलं ‘अल्ट्रा डीप फील्ड’ याच तारकासमूहातलं. त्याच्या आसपासच्या पट्ट्याला गुड्स-साउथ म्हणतात.

जेम्स वेब दुर्बीण २५ डिसेंबर २०२१ रोजी अवकाशात गेली. तिचा आरसा ६.५ मीटरचा आणि नजर अवरक्त प्रकाशाची. तिच्या सुरुवातीच्या मोठ्या मोहिमांपैकी जेड्स या मोहिमेने गुड्स-साउथचा हाच पट्टा पुन्हा धुंडाळला. हबलने वर्षानुवर्षं निरखलेल्या या भागात आपला ठिपका हबलला दिसणं शक्यच नव्हतं. हबलची नजर १.७ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास संपते आणि या ठिपक्याचा प्रकाश तिथून पुढे सुरू होतो.

प्रकाश कुठे तुटतो

सुरुवातीच्या विश्वात दीर्घिकांच्या मधल्या पोकळीत उदासीन हायड्रोजन भरलेला होता. ०.१२१६ मायक्रॉनपेक्षा कमी तरंगलांबीचा अतिनील प्रकाश हा वायू गिळून टाकतो. म्हणून त्या काळातल्या दीर्घिकेचा वर्णपट, म्हणजे तरंगलांबीनुसार मांडलेला तिचा प्रकाश, एका ठिकाणी कड्यासारखा तुटलेला असतो: पलीकडे प्रकाश, अलीकडे शून्य. नंतरच्या अब्जावधी वर्षांत विश्व प्रसरण पावतं, प्रकाशाची तरंगलांबी ताणली जाते आणि हा कडा अतिनीलमधून सरकत अवरक्तात येतो. किती पट सरकला त्यावरून रेडशिफ्ट निघते. रेडशिफ्ट १४ म्हणजे तरंगलांबी १५ पट ताणली गेली. प्रकाश निघाला तेव्हा विश्वातली अंतरं आजच्या पंधराव्या हिश्शाइतकीच होती, असाच त्याचा अर्थ.

छायाचित्रांत हा कडा ओळखण्याची युक्ती सोपी आहे. वेगवेगळ्या फिल्टरमधून एकाच जागेचे फोटो घ्यायचे. एखादा ठिपका लांब तरंगलांबीच्या फिल्टरांत दिसतो आणि एका ठरावीक फिल्टरपासून खाली साफ गायब होतो, तर तो दूरचा उमेदवार. उमेदवारच, कारण कड्याचा आभास निर्माण करणाऱ्या वस्तू विश्वात कमी नाहीत.

त्याचं ताजं उदाहरण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. वेबची पहिली छायाचित्रं हाती आली त्याच महिन्यात, जुलै २०२२ मध्ये, सीर्स-९३३१६ नावाच्या एका ठिपक्याची रेडशिफ्ट १६ च्या पुढे असल्याचा अंदाज आला. तसं असतं तर तो महास्फोटानंतर सुमारे २५ कोटी वर्षांच्या काळातला ठरला असता. २०२३ मध्ये वेबनेच त्याचा वर्णपट घेतला आणि रेडशिफ्ट निघाली ४.९, म्हणजे विश्व एक अब्ज वर्षांहून मोठं झाल्यानंतरची एक धुळकट दीर्घिका. तिच्यातल्या तप्त ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या प्रखर रेषा, म्हणजे ठरावीक तरंगलांबीवर एकवटलेला उजेड, नेमक्या अशा जागी पडत होत्या की एकामागून एक फिल्टर जास्त उजळ दिसावेत. धुळीने निळा भाग आधीच दाबला होता. दोन्ही मिळून रेडशिफ्ट १६ च्या दीर्घिकेची हुबेहूब नक्कल तयार झाली. विशेष म्हणजे त्याच तपासणीत ‘मेझीची दीर्घिका’ म्हणून ओळखला जाणारा दुसरा उमेदवार रेडशिफ्ट ११.४ ला पक्का ठरला. फिल्टरची पद्धत खोटी नव्हती, पण तिच्या शब्दावर निकाल देता येत नव्हता.

तेव्हा गुड्स-साउथमधल्या ठिपक्याबाबत घाई करायची नाही, असंच धोरण राहिलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये वेबने त्या भागाचे अरुंद पट्ट्यांच्या फिल्टरांतून पुन्हा फोटो घेतले. रुंद फिल्टरमध्ये कडा कुठे आहे ते ढोबळ कळतं. अरुंद फिल्टर लावले की तो जास्त नेमका पकडता येतो, आणि प्रखर रेषांची लबाडी असेल तर तीही उघडी पडते. या फोटोंनंतर पारडं दूरच्या बाजूला झुकलं. तरीही अंतिम शब्द वर्णपटाचाच असणार होता.

दहा तासांचा वर्णपट

वेबवरच्या निअरस्पेक उपकरणात सुमारे अडीच लाख इवल्या झडपा आहेत, प्रत्येक झडप केसाच्या जाडीच्या दोन-तीन पट. ज्या दीर्घिकांचा प्रकाश हवा त्यांच्यासमोरच्या झडपा उघडायच्या, बाकी बंद. त्यामुळे शेकडो वस्तूंचे वर्णपट एकाच वेळी घेता येतात आणि शेजारची उजळ दीर्घिका आत डोकावत नाही. आपल्या ठिपक्याच्या बाबतीत ही सोय किती मोलाची होती ते सांगायला नको.

जानेवारी २०२४ मध्ये जवळपास दहा तास प्रकाश गोळा केला गेला. हाती आलेला वर्णपट दिसायला अगदी साधा आहे. डावीकडून पाहत आलं तर १.८ मायक्रॉनच्या पुढेपर्यंत नुसती खरखर, सरासरी शून्य. मग एकदम उभी पायरी, आणि तिथून उजवीकडे हळूहळू उतरत जाणारा अखंड प्रकाश. नाव घ्यावी अशी ठळक रेषा त्यात जवळजवळ नाहीच. जवळच्या काळातली धुळकट दीर्घिका अशी पायरी दाखवू शकत नाही, तिच्या बाबतीत काहीतरी गळती राहतेच. पायरीच्या जागेवरून रेडशिफ्ट काढली गेली १४.३२. आधीचा विक्रम याच मोहिमेतल्या दुसऱ्या दीर्घिकेचा होता, १३.२ चा. मे २०२४ च्या अखेरीस पिसा इथल्या स्कुओला नॉर्माले सुपेरिओरेचे स्टेफानो कार्नियानी, ॲरिझोना विद्यापीठाचे केविन हेनलाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही दीर्घिका जाहीर केली. तिच्याबरोबर रेडशिफ्ट १३.९० ची दुसरी, बरीच मंद दीर्घिकाही सापडली होती, पण सगळा झोत पहिलीवरच राहिला.

पुढच्या दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगासारखं काम करून मागची दीर्घिका उजळ केली असेल का, हाही प्रश्न होता. हिशेब केला तर वाढ २० टक्क्यांहून कमी निघाली. म्हणजे तेज तिचं स्वतःचंच.

कशाचं तेज?

इतक्या लवकरच्या काळात एवढा उजेड दोन प्रकारे मिळू शकतो. मध्यभागी एखादं महाकाय कृष्णविवर वायू गिळत असेल, किंवा खूप सारे तरुण तारे जळत असतील. कृष्णविवर असतं तर प्रकाश एका बिंदूतून आला असता. इथे तो १,६०० प्रकाशवर्षांहून जास्त विस्तारात पसरलेला आहे, आणि कृष्णविवराची खूण पटवणाऱ्या प्रखर रेषाही वर्णपटात नाहीत. तेव्हा प्रकाश मुख्यतः ताऱ्यांचा.

मग ताऱ्यांचा हिशेब करता येतो. अंदाजे वर्षाला २० सूर्यांएवढ्या वस्तुमानाचे तारे इथे जन्मत होते. आपली आकाशगंगा आज वर्षाला एक-दोन सूर्यांएवढेच तारे घडवते, आणि तिचा व्यास एक लाख प्रकाशवर्षं आहे. नव्या दीर्घिकेतल्या सगळ्या ताऱ्यांचं मिळून वस्तुमान साधारण ४० ते ५० कोटी सूर्य. भागाकार करून पाहा: याच वेगाने एवढे तारे बनायला दोन-अडीच कोटी वर्षं पुरतात. वेग मागेपुढे झाला असेल हे धरूनही, आपल्याला दिसणारे बरेचसे तारे नुकतेच जन्मलेले होते. सह्याद्रीचा काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्या प्रकाशात दिसणारे कित्येक तारे आजच्या त्या कातळाच्या निम्म्या वयाचेही नव्हते.

‘तरुण’ दीर्घिका म्हणतात ती या अर्थाने. पण तरुण म्हणजे कोरी नव्हे, हे लवकरच दिसलं. वेबच्या दुसऱ्या उपकरणाने, मिरीने, याच जागेचा ७.७ मायक्रॉनवर फोटो घेतलेला होता. त्यात दीर्घिका अपेक्षेपेक्षा उजळ निघाली. इतक्या ताणलेल्या प्रकाशात ७.४ ते ७.६ मायक्रॉनच्या दरम्यान पडतात त्या हायड्रोजनच्या आणि दोनदा आयनित झालेल्या, म्हणजे दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या, ऑक्सिजनच्या हिरवट रेषा. जादा उजेडाचा सरळ अर्थ असा की तिथे तप्त वायू आहे आणि त्यात ऑक्सिजन असावा. मात्र फोटोवरून रेषा वेगळ्या काढता येत नाहीत. पुरावा परिस्थितीजन्य होता.

चिलीच्या वाळवंटातून साक्ष

ऑक्सिजनची आणखी एक रेषा असते, ८८ मायक्रॉनची. ती रेडशिफ्ट १४ वरून निघाली की पृथ्वीवर पोचेपर्यंत सव्वा मिलिमीटरहून लांब झालेली असते. तिथे वेबचा उपयोग नाही. चिलीत आटाकामाच्या वाळवंटात, ५,००० मीटर उंचीच्या पठारावर आल्मा दुर्बिणीच्या ६६ तबकड्या आहेत, त्यांचं हे काम. आल्माला रेषा शोधायची तर आधी ती साधारण कुठे पडेल हे ठाऊक असावं लागतं. वेबची रेडशिफ्ट त्यासाठी हाताशी होती.

दोन वेगळ्या गटांनी या निरीक्षणांचं विश्लेषण केलं: नेदरलँड्समधल्या लायडन वेधशाळेचे सँडर स्खाउस यांचा एक, कार्नियानींचा दुसरा. मार्च २०२५ मध्ये दोघांचे निकाल एकदमच जाहीर झाले. रेषा २२३.५ गिगाहर्ट्झच्या आसपास सापडली होती आणि ती निःसंशय ऑक्सिजनची होती. तोवर सापडलेला हा सर्वांत दूरचा ऑक्सिजन. रेडशिफ्ट निघाली १४.१८, अनिश्चितता अवघी ०.००५ टक्के.

आता १४.३२ चं १४.१८ झालं, हे काहींना खटकलं. त्यात वेबचा दोष फारसा नाही. पायरीवरून रेडशिफ्ट काढताना आपण धरून चालतो की मधल्या पोकळीतला हायड्रोजनच तेवढा प्रकाश गिळतो. पण दीर्घिकेच्या आत आणि तिच्याभोवती दाट हायड्रोजन असेल, तर तो पायरीची कड आणखी कुरतडतो. पायरी उजवीकडे सरकते आणि दीर्घिका आहे त्याहून जरा दूर भासते. जीएन-झेड११ या हबलच्या जुन्या विक्रमवीराचंही असंच झालं होतं: २०१६ मध्ये ११.१ सांगितलेली रेडशिफ्ट वेबच्या वर्णपटाने १०.६ वर आणली. म्हणजे आकड्यातला हा फरक स्वतःच माहिती देतो. तारे अजून वायूच्या दुलईतून पुरते बाहेर आलेले नव्हते. तारे घडवायला कच्चा माल भरपूर शिल्लक होता, असाही त्याचा अर्थ लावता येतो.

ऑक्सिजन म्हणजे मेलेले तारे

महास्फोटातून हायड्रोजन, हेलियम आणि किंचित लिथियम एवढंच निघालं. ऑक्सिजन बनतो मोठ्या ताऱ्यांच्या गाभ्यात, आणि तो बाहेर पडतो ते तारे स्फोट होऊन मरतात तेव्हा. आठ सूर्यांहून जड तारा काही कोटी वर्षांतच संपतो, सर्वांत जड तर ३० लाख वर्षांतच. तेव्हा ३० कोटी वर्षांच्या विश्वात ऑक्सिजन असणं अशक्य मुळीच नाही. आश्चर्य त्याच्या प्रमाणाचं. त्या काळासाठी जितकी जड मूलद्रव्यं अपेक्षित होती त्याच्या सुमारे दहापट इथे भरली. एवढं साठायला ताऱ्यांच्या बऱ्याच पिढ्या होऊन जाव्या लागतात, आणि आधीच्या पिढ्यांची राख पुढच्यांच्या वायूत मिसळावी लागते. म्हणजे आपण हिला सुरुवातीच्या काळात पाहतो आहोत खरं, पण हिची स्वतःची सुरुवात त्याच्याही बरीच आधी झाली होती.

याच निरीक्षणातलं एक न दिसणं मला दिसण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. आल्माला ऑक्सिजन सापडला, पण धुळीची अवरक्त झाक सापडली नाही. एरवी ही दोन्ही जोडीनेच येतात, कारण ताऱ्यांच्या मृत्यूतूनच धूळही बनते. वेबच्या वर्णपटात प्रकाशाचा रंग किंचित लालसर होता, तो पाहून थोडी धूळ असावी असं आधी वाटलं होतं. मग ती गेली कुठे?

मॉडेल कुठे कमी पडलं

वेबच्या पहिल्या दोन वर्षांत ‘महास्फोटाचा सिद्धान्त कोसळला’ छापाचे मथळे सगळीकडे फिरले, मराठीतही. तसं काही झालेलं नाही. विश्वाच्या प्रसरणाचं आणि कृष्ण पदार्थाच्या (न दिसणाऱ्या, फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणाऱ्या वस्तुमानाच्या) गोळ्यांचं गणित या दीर्घिकेला पुरेसा वायू देऊ शकतं. चुकला तो वायूतून तारे किती भरभर आणि किती किफायतशीरपणे बनतात याचा अंदाज. त्या काळात तेजस्वी दीर्घिका अगदी विरळ असतील असं वेबआधीची बहुतेक मॉडेलं सांगत होती.

त्यावर तोडगे बरेच सुचवले गेले आहेत. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले अविशाय डेकेल आणि सहकारी म्हणतात की त्या काळचा वायू इतका दाट होता की एखाद्या ढगातून तारे दहा लाख वर्षांतच बनून जात. पहिला स्फोट व्हायला मात्र निदान २०-३० लाख वर्षं लागतात. म्हणजे स्फोटांनी वायू उधळून जन्मप्रक्रिया थांबवण्याआधीच बहुतेक काम उरकलेलं असे. आजच्या दीर्घिकांत वायूचा थोडाच हिस्सा ताऱ्यांत जातो, तिथे तो खूप मोठा असेल. पिसाचेच आंद्रेआ फेरारा वेगळी वाट धरतात: ताऱ्यांच्या प्रखर प्रकाशाच्या दाबानेच धूळ बाहेर ढकलली जाते, त्यामुळे दीर्घिका उघडी पडते आणि जास्त तेजस्वी दिसते. तिसरा मुद्दा लहरीपणाचा. तारे सलग न बनता झटक्यांत बनत असतील, तर ऐन झटक्यात असलेल्याच दीर्घिका आपल्या नजरेत भरणार. जड ताऱ्यांचं प्रमाणच तेव्हा जास्त होतं, असंही काहींचं म्हणणं आहे.

या एका प्रकरणापुरतं बोलायचं तर माझा कल फेरारांकडे झुकतो, कारण ऑक्सिजन आहे आणि धूळ नाही या कोड्याला त्यांच्याकडे तयार उत्तर आहे. तरीही बाकीच्या कल्पना त्यामुळे बाद होत नाहीत. एकाच दीर्घिकेत दोन-तीन कारणं एकत्र नांदू शकतात.

पुढे काय होतं

याच दीर्घिकेचं पुढे काय झालं ते पाहायची सोय नाही. पण नंतरच्या काळातल्या इतर दीर्घिका पाहून वाट आखता येते. इथे पुण्याचा संबंध येतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथल्या एनसीआरए-टीआयएफआर या रेडिओ खगोलभौतिकी संस्थेच्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी वेबच्या माहितीतून ‘अलकनंदा’ नावाची दीर्घिका जगासमोर आणली. विश्व दीड अब्ज वर्षांचं असतानाची ही दीर्घिका सुमारे ३०,००० प्रकाशवर्षं रुंद आहे. तिला दोन सुबक सर्पिल भुजा आहेत आणि वर्षाला साधारण ६० सूर्यांएवढे तारे ती घडवते आहे. जेड्सच्या दीर्घिकेची ती वंशज आहे असं कोणी म्हणत नाही. पण १,६०० प्रकाशवर्षांच्या गोळ्यापासून अशा रेखीव तबकडीपर्यंतचा प्रवास विश्वाने सव्वा अब्ज वर्षांत कुठेतरी पार पाडला होता, एवढं ती सिद्ध करते. तबकडी स्थिरावायला याहून बराच जास्त वेळ लागतो, असं आधी मानलं जाई.

अंतराचा विक्रम मे २०२५ मध्ये मॉम-झेड१४ या दीर्घिकेकडे गेला, रेडशिफ्ट १४.४४. तिचा वर्णपट आपल्या दीर्घिकेपेक्षा वेगळाच आहे. ती अतिशय आटोपशीर आहे, तिच्या रेषा ठळक आहेत आणि तिच्यात नायट्रोजन प्रमाणाबाहेर आहे. जीएन-झेड११ ही याच वळणाची. जेड्सची दीर्घिका मात्र ऐसपैस पसरलेली आणि रेषांच्या बाबतीत जवळजवळ गप्प. त्या युगातल्या सर्वांत तेजस्वी दीर्घिका अशा दोन गटांत विभागल्या जाताना दिसताहेत. हे दोन वेगळे वंश आहेत की एकाच दीर्घिकेच्या आयुष्यातले दोन टप्पे, हे ठरवायला दोन्ही बाजूंच्या आणखी दीर्घिका लागतील, आणि प्रत्येकीमागे वेबचे आणि आल्माचे बरेच तास.